दारू सोडायची आहे, मीटिंग कुठं भेटन? गावखेड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा एएचा, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा, ग्रुप तालुक्याच्या गावी भरतो आणि आजूबाजूच्या खेड्यांतून फोन येत राहतात. बहुतेक रात्री जेवणं झाल्यावर, बहुतेक बायकांचे, कधी कॉलेजातल्या पोराचे, आणि कधी स्वतः पिणाऱ्याचा, तोही घरापासून लांब शेताच्या धुऱ्यावर जाऊन हळू आवाजात बोलणाऱ्याचा. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. लोक ज्या बोलीत विचारतात त्याच बोलीत प्रश्न ठेवलेत. नाव कोणाचंच नाही, माझंही नाही, आमच्यात तसंच असतं.

हे एए म्हणजे काय हाय? औषध देतात का तिथी?

औषध नाही, इंजेक्शन नाही, भरती करून घेणं नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक ठरल्या दिवशी ठरल्या वेळेला एका खोलीत बसतात आणि आपापलं खरं सांगतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन नावाच्या शहरात दोन पिणाऱ्या माणसांपासून हे सुरू झालं, एक शेअर बाजारात काम करणारा आणि एक सर्जन. दोघांनाही डॉक्टर, घरचे, पाद्री सगळ्यांनी समजावून झालं होतं, पण पिणारा पिणाऱ्याशी बोलला तेव्हा कुठं फरक पडला. भारतात हे १९५७ ला मुंबईत आलं. बारा पायऱ्या म्हणून एक कार्यक्रम असतो, त्यातली पहिलीच अशी की दारूपुढं माझं काही चालत नाही हे कबूल करायचं. बाकीच्या पायऱ्यांची पहिल्या दिवशी काळजी करू नका, त्या हळूहळू समजतात.

आमच्या गावात तं असं काही नाही. शोधू कुठी?

सगळ्यात आधी जिल्हा रुग्णालयात जा आणि मानसोपचार विभागात विचारा. तिथले समुपदेशक जवळपासच्या मीटिंगची जागा आणि वार सांगू शकतात, नाहीतर कोणाला विचारायचं ते तरी सांगतात. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, एम्स आहे, वर्धेकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी मेघेचे मोठे दवाखाने जवळ पडतात. घरबसल्या फोन करायचा असेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, तो रात्री बेरात्री पण चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर लाजून "माझ्या मित्राला प्रॉब्लेम आहे" असं म्हटलं तरी चालतं, समोरच्याला समजतं आणि तो त्यावर काही बोलत नाही. फक्त जिल्हा आणि तालुका नीट सांगा, म्हणजे तो नागपूरचा पत्ता देऊन मोकळा होणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या लोकांसाठी आणखी एक सोय आहे, मुक्तिपथ. २०१६ पासून तिथं दारू आणि तंबाखू दोन्हीवर काम चालू आहे, तालुक्याला क्लिनिक असतं आणि गावातही शिबिरं होतात. ती एएची मीटिंग नाही, वेगळं काम आहे, पण सुरुवात म्हणून उत्तम.

आणि गावातल्या आशाताईला विचारा. कोणत्या घरात काय चाललंय हे तिला आधीच माहीत असतं, आणि याआधी कोणाला दवाखान्यात नेऊन आणलं तेही.

मीटिंग तालुक्याला, संध्याकाळी. परतीची एस्टी नसते. कसं यायचं?

हाच खरा अडथळा आहे आणि शहरातल्या लोकांना तो कळत नाही. नागपुरात आठवड्याचे बरेच दिवस कुठं ना कुठं मीटिंग असते, आज नाही जमलं तर उद्या. आपल्याकडं आठवड्यातून एक, ती चुकली की थेट पुढच्या आठवड्यात. म्हणून काही गोष्टी सांगतो. ग्रुपच्या लोकांना आधी फोन करा आणि तुमचं गाव सांगा, त्या रस्त्यावरून गाडी घेऊन येणारा कोणीतरी बहुतेक असतो आणि तो तुम्हाला फाट्यावरून घेतो. हे काही उपकार नाहीत, नवीन माणसाला आणणं हा त्याच्याही दारू न पिण्याचाच भाग आहे, त्यामुळे संकोच करू नका. काही ग्रुप आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी मीटिंग ठेवतात, कारण बाजाराला सगळेच येतात आणि कोणी विचारत नाही कुठं चालला म्हणून. तुमच्या भागात तशी नसेल तर मागणी करा, वेळ काही दगडावर कोरलेली नसते.

कापूस वेचणीच्या आणि धान कापणीच्या दिवसात उपस्थिती निम्म्यावर येते, मान्य आहे, मजुरी कोणी सोडणार नाही. त्या दिवसांत फोनवरच्या मीटिंगा धरून ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ कॉलसारख्या मीटिंगा रोज होतात, मराठीत आणि हिंदीत पण असतात, ग्रुपमध्ये कोणालाही विचारलं तर लिंक पाठवतो. रेंज नसेल तर नुसता आवाज चालू ठेवा, चेहरा दाखवायची सक्ती नाही. पण माझं मत विचाराल तर सुरुवातीला शक्य तेवढ्या मीटिंगा समोरासमोर करा. फोन बंद करणं सोपं असतं, शेजारी बसलेल्या माणसाला टाळणं कठीण, आणि सुरुवातीला ते कठीण असलेलंच बरं.

गावात माहीत पडलं तं? पोरीचं लग्न करायचं हाय.

दारू पिता हे गावाला माहीत आहेच, भाऊ. वाईट वाटेल पण तसं आहे. गावाला माहीत नसते ती सोडायची धडपड, आणि लोकांना लाज वाटते ती त्याचीच. ही भीती खोटी नाही म्हणून ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडं रजिस्टर नाही, आधार कार्ड मागत नाहीत, फोटो काढत नाहीत, आडनाव सांगायची गरज नाही. खोलीत जे ऐकलं ते खोलीत सोडून जायचं, आणि इथं कोण आलं होतं हेही बाहेर सांगायचं नाही. एक जण कित्येक महिने गाडी मुद्दाम दोन गल्ल्या पलीकडं कृषी केंद्रासमोर लावून पायी यायचा, कोणी त्याला त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. आता दारातच लावतो.

तरीही आपल्याच तालुक्यात नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याच्या मीटिंगला जा. एएमध्ये हद्द नसते, कुठंही बसता येतं.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी हाय. पितो असं चारचौघात कबूल केलं तं पोलीस लफडं नाही ना?

वर्ध्यातून आणि गडचिरोलीतून हा प्रश्न हमखास येतो. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. एएचा पोलिसांशी, एक्साइजशी, दारूबंदी समितीशी काहीही संबंध नसतो. कोणी कुठून आणली, किती रुपयांची, विकणारा कोण, हे मीटिंगमध्ये विचारलं जात नाही आणि तुम्हीही सांगू नका, कारण त्याचा काही उपयोग नाही. बंदी असावी की नसावी यावरही एए मत देत नाही. तुमचा भाऊ आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मोर्चात असेल आणि तुमचा मेहुणा बियर बार चालवत असेल, दोघंही आमच्या सतरंजीवर बसू शकतात, अट एकच की स्वतःला दारू सोडायची इच्छा पाहिजे.

बंदी असलेल्या ठिकाणी धोका वेगळाच आहे, मिळते ती चोरटी. हातभट्टीत काय मिसळलंय ते पिणाऱ्याला समजत नाही. प्यायल्यावर डोळ्यांपुढं धुकं आलं, अंधुक दिसायला लागलं, पोटात खूप दुखून उलट्या झाल्या तर उतरायची वाट पाहू नका, झोपू देऊ नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या आणि दारूचंच आहे हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. मिथेनॉल असेल तर डोळे जातात, जीवही जातो, आणि उपचाराला वेळ फार थोडा असतो.

पहिल्या दिवशी नेमकं काय होते? बोला लागते का?

बोलायची सक्ती नाही. नाव विचारतील, तेवढं सांगा, पाहिजे तर ते पण अर्धंच.

आमची मीटिंग शाळेच्या खोलीत होते. बाकं मागं सरकवतो, सतरंजी टाकतो, फळ्यावर मुलांचे पाढे तसेच असतात, ते पुसायचे नाहीत असं मास्तरांनी सांगून ठेवलंय. आधी थोडा वेळ शांत बसतात, मग एक छोटी प्रार्थना, मग कोणीतरी थोडं वाचून दाखवतं, आणि मग एकेक जण बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. "माझं नाव अमुक, मी बेवडा आहे" किंवा "मी अल्कोहोलिक आहे" अशी सुरुवात असते आणि सगळे त्याला नावानं नमस्कार करतात. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. कोणी मधात बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, "असं करायला नको होतं" असं कोणी म्हणत नाही. बायकोच्या मंगळसूत्राचे पैसे प्यायलो, बैलाची जोडी विकली, मायच्या तेरवीला पिऊन पडलो, असलं सगळं माणसं साध्या आवाजात सांगतात आणि पुढचा माणूस आपलं सांगायला लागतो. तास दीड तासात संपतं.

चहा असतो. नवीन माणसाला कप अर्धाच भरून देतो, कारण त्याचे हात कापत असतात आणि भरलेला कप सांडला की तो मानच वर करत नाही. तो दोन्ही हातांनी कप धरतो. खोलीतल्या प्रत्येकानं कधीतरी तो तसाच धरलेला असतो म्हणून कोणी तिकडं टक लावून पाहत नाही. दुसऱ्यांदा पाहिजे असेल तर पुन्हा अर्धा.

जाताना कोणीतरी तुमचा फोन नंबर मागेल आणि त्याचा देईल. द्यायचा नसेल तर देऊ नका, पण त्याचा मात्र घ्या. रात्री गुत्त्याकडं पाय वळले की त्या नंबरला लावायचा, पिण्याच्या आधी, नंतर नाही.

पिऊन आलो तं हाकलून देतात का?

नाही. शांत बसत असाल तर बसा, त्या दिवशी बोलू नका, फक्त ऐका. गोंधळ घातला तर दोघं जण बाहेर घेऊन बसतील आणि घरी पोचवतील. "आधी सोडतो, मग येतो" असं म्हणणारे फार भेटतात आणि त्यातले बरेच येतच नाहीत. सोडून यायची अट नाही, सोडायची इच्छा घेऊन यायचं.

मंग आजपासूनच एकदम बंद करून टाकू का?

थांबा. हा भाग नीट वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

जो माणूस रोज पितो, सकाळी उठल्यावर उताऱ्याला घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, ज्याला आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली आहे, त्यानं डॉक्टरला न विचारता एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शरीराला सवय झालेली असते, दारू अचानक तुटली की मेंदू उसळतो. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा तासांपासून पुढं थरथर, घाम, धडधड, उलट्या, झोप नाही असं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, वार समजत नाही, ताप चढतो, माणूस उठून पळायला पाहतो. आपल्याकडं याला लागिर म्हणतात, बाहेरचं झालं म्हणतात, आणि मांत्रिकाकडं नेण्यात रात्र जाते. ते बाहेरचं नाही, दारू तुटल्याचं आहे, आणि उपचार नाही मिळाला तर त्यात माणूस दगावतो. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या.

डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या देतात, त्यानं हे सगळं आटोक्यात राहतं, आणि बी-वन नावाचं जीवनसत्त्व देतात. गावात एक सवय आहे, अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची. खूप दिवस पिणाऱ्यानं आणि नीट न जेवणाऱ्यानं ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी डॉक्टरला सांगितलंच पाहिजे की मी रोज दारू पितो, कारण बी-वन न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. लाजेपोटी हे एक वाक्य न बोलणं फार महागात पडतं.

मीटिंग आणि डॉक्टर ही दोन वेगळी कामं आहेत. डॉक्टर शरीरातून दारू सुरक्षित काढतो, पुन्हा ती आत जाऊ नये यासाठी मीटिंग. दोन्ही चालू ठेवा. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर मीटिंगमधल्या कोणाच्या सांगण्यावरून त्या बंद करू नका, तो सल्ला द्यायचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नाही.

फी किती?

काही नाही. शेवटी एक डबा फिरतो, जमलं तर दहा वीस रुपये टाकायचे, त्यातून चहा आणि पुस्तकं होतात. नवीन माणसानं टाकू नये असंच आम्ही सांगतो. आमदारांची देणगी, पंचायतीचा निधी, कंपनीचा पैसा, काही घेत नाही, हा नियमच आहे. एएच्या नावावर कोणी पैसे मागत असेल तर ते एए नाही.

मी बौद्ध हाय. तिथी देवाचं नाव घेतात म्हणे?

घेतात, पण तुम्ही कोणाचं घ्यायचं ते तुमच्यावर. पायऱ्यांमध्ये "आपल्यापेक्षा मोठी शक्ती" असं येतं आणि ती कोणती हे प्रत्येक जण आपलं ठरवतो. आमच्यात एक जण पंचशीलातलं पाचवं शील धरून चालतो, बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. दुसरा मोझरीच्या तुकडोजी महाराजांचा भक्त, रोज सामुदायिक प्रार्थना करणारा. तिसरा म्हणतो मी काहीच मानत नाही, माझ्यासाठी हा ग्रुपच मोठी शक्ती, एकट्यानं नाही जमलं ते यांच्यात बसून जमतंय. तिघंही शेजारी शेजारी बसतात. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज गावोगाव फिरून दारूवर बोलले ती ही माती आहे, इथं धर्मावरून वाद घालायची गरज पडत नाही.

माहा नवरा यायलेच तयार नाही. त्याले न सांगता जेवणात टाकायची पावडर भेटते, ते देऊ का?

ताई, नका देऊ. बसस्टँडच्या भिंतीवर आणि पेपरात "पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती असतात त्यांच्या नादी लागू नका. त्यात काय असतं ते कोणी सांगत नाही. डायसल्फिरम नावाची एक खरी गोळी आहे, ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, जोराची उलटी, छातीत धडधड, बीपी खाली जातं, हृदयाचा त्रास असेल तर मरूही शकतो. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तो परिणाम राहू शकतो. म्हणून ती गोळी पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनं, डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायची असते. भाजीत चोरून टाकणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

तो येत नसेल तर तुम्ही या. घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, १९५१ पासून जगभर चालतो, पिणाऱ्यांच्या बायका, आया, मुलं त्यात बसतात. खेड्यात तो मिळणं एएपेक्षाही कठीण आहे हे खरं, पण फोनवर मीटिंगा होतात. तिथं नवऱ्याला कसं सुधारायचं हे शिकवत नाहीत. त्याची उधारी तुम्ही फेडू नका, मालकाला खोटा ताप सांगू नका, ओकलेलं रात्रीतून धुऊन ठेवू नका, असं हळूहळू समजायला लागतं, आणि बाई स्वतः जरा श्वास घ्यायला लागते. कित्येकदा बाई आधी यायला लागते आणि काही महिन्यांनी तो विचारतो, "तू जातं कुठी?"

समजवायचंच असेल तर सकाळी समजवा, तो शुद्धीत असताना, थोडक्यात, पोरांपुढं नाही. रात्री प्यायलेल्याशी भांडून कधीच काही निघालेलं नाही.

आणि तो मारत असेल तर आधी मीटिंग नाही, आधी तुमचा आणि लेकरांचा जीव. ११२ ला फोन करा, बायकांसाठी १८१ आहे, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतात त्यांच्याकडं जाता येतं. "तो दारूत मारते, एरवी चांगला हाय" हे आम्हीही खूप ऐकतो. दारू हे कारण असेल, पण मार खाणं हा त्यावरचा उपाय नाही.

बाईनं यावं का? सगळे माणसंच असतात ना?

यावं. मोहाची दारू घराघरांत निघते तिकडं बायकाही पितात, आणि शहराकडं गोळ्या आणि बियर. बाई पिते म्हटलं की गाव तिला दारूपेक्षा जास्त शिव्या घालतं म्हणून ती लपून पिते आणि दवाखान्यात फार उशिरा पोचते. आधी फोन करून विचारा की तुमच्याकडं कोणी महिला सदस्य आहे का, नसेल तर ओळखीच्या बाईला सोबत आणा. सगळ्यांना खुली असते ती ओपन मीटिंग, त्यात सोबत कोणीही बसू शकतं, क्लोज्ड मीटिंगला मात्र फक्त पिण्याचा त्रास असणारेच. फक्त बायकांच्या मीटिंगा फोनवर असतात, खेड्यातल्या बाईसाठी मला तोच रस्ता सगळ्यात बरा वाटतो.

सेंटरले टाकून द्यावं का त्याले?

काहींना व्यसनमुक्ती केंद्र लागतं. घरी वारंवार फिट येते, प्रत्येक वेळी घरातून निसटून पितो, अशा वेळी भरती करणं योग्य. पण सेंटर पाहून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारा मानसिक त्रासही येतो, त्यामुळे अशा ठिकाणाची नोंदणी असली पाहिजे आणि भरती असलेल्या माणसाला मारहाण करायचा, साखळीनं बांधायचा हक्क कोणालाच नाही. डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, खोल्या दाखवतात का, हे विचारा. रात्री गाडी घेऊन येऊन माणूस उचलून नेतो म्हणणाऱ्यांना घरात शिरू देऊ नका. आणि सेंटरमधून बाहेर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मीटिंगला आणा, कारण तिथं दारू समोर नव्हती, गावात चौकातच आहे.

सोडली होती, पोळ्याच्या करीला पुन्हा प्यायलो. आता कोणत्या तोंडानं येऊ?

त्याच तोंडानं या, पुढच्याच मीटिंगला. घसरणं इथं नवीन नाही, न येणं मात्र धोक्याचं. आल्यावर "परत कसा आलास" असं कोणी म्हणत नाही, "बरं झालं आलास" म्हणतात आणि ते मनापासून असतं.

आपल्याकडचे घसरायचे दिवस ठरलेले आहेत. पोळ्याची कर, धुळवड, हळदीची रात्र, कापसाचा पैसा हाती आला तो दिवस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ग्रामपंचायतीची निवडणूक, तेव्हा फुकटची दारू दारापर्यंत येते आणि नाही म्हटलं तर "तू विरोधी पार्टीचा का?" असं होतं. या दिवसांची तयारी आधी करायची. लग्नाला जायचं तर जेवून लगेच निघायचं, स्वतःची गाडी न्यायची म्हणजे पिणाऱ्यांच्या गाडीत अडकत नाही. हातात ताक नाहीतर चहा धरून ठेवायचा, रिकाम्या हातात लोक ग्लास देतात. "डॉक्टरनं बंद सांगितली" एवढं म्हणून विषय संपवायचा. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारपैकी काही असेल तेव्हा तलब जास्त येते म्हणून खिशात गूळशेंगदाणे ठेवा, फालतू वाटेल पण उपयोग होतो. आणि आयुष्यभर सोडली असं म्हणू नका, फक्त आज नाही प्यायची. उद्याचं उद्या.

खरंच उपयोग होते का, का नुसत्या गप्पा?

२०२० ला कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, मिळून दहा हजारांवर माणसं, असं सगळं तपासलं. एए आणि तिच्याकडं नेणारे उपचार यांनी पूर्ण दारू बंद राहण्यात दुसऱ्या नावाजलेल्या उपचारांपेक्षा बरा निकाल दिला असं त्यात दिसलं. ते अभ्यास आपल्या खेड्यातले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. सगळ्यांना लागू पडतं असंही नाही, काही जण डॉक्टर आणि गोळ्यांवर नीट राहतात, काही जण भजनी मंडळात रमतात आणि पीत नाहीत. ज्यानं तुमची सुटते ते धरा. पण एका मीटिंगवरून ठरवू नका, निदान पाच सहा करा, जमलं तर दोन वेगळ्या ग्रुपच्या.

कर्ज हाय, दारू हाय, जीव द्यावासा वाटते.

आत्ता, लगेच १४४१६ ला फोन करा किंवा शेजारी जो असेल त्याला हाक मारा. एकटे राहू नका. घरात कोणी असं बोलत असेल तर शेतातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि प्यायलेल्या अवस्थेत त्याला एकटं सोडू नका. दारूनं डोकं आणखी खाली जातं आणि हात पटकन उचलला जातो. प्यायलेला आहे म्हणून "उगाच बोलते" असं समजू नका. तालुक्याच्या दवाखान्यात न्या, कर्जाचं नंतर पाहता येतं, त्याला रस्ते असतात.

आमच्याच गावात ग्रुप सुरू करता येईन का?

येईल, आणि दोन माणसं पुरतात. दारू सोडायची इच्छा असलेले दोघं, एक जागा, एक वार, एक वेळ. जागा समाजमंदिर, शाळा, आरोग्य उपकेंद्र, कुठलीही, पण कोणाचं घर शक्यतो नको आणि राजकारणातल्या माणसाची ओसरी तर नकोच, उद्या तो हरला की ग्रुप बंद. उद्घाटन करू नका, फीत नको, सरपंचांचा सत्कार नको, पेपरात फोटो नको. आधी जवळच्या चालू ग्रुपमध्ये काही महिने जाऊन मीटिंग कशी चालते ते पाहून घ्या, तिथले लोक मराठी पुस्तकं देतात आणि सुरुवातीच्या मीटिंगांना येऊन बसतात. मग आशाताईला, पीएचसीच्या डॉक्टरला, मेडिकलवाल्याला आणि पोलीस पाटलाला वार आणि वेळ तेवढी सांगून ठेवा, कोण येतं ते सांगायचं नाही.

कित्येकदा सुरुवातीला कोणी येत नाही. तरी कुलूप ठरल्या वेळेला उघडायचं आणि दोघांनीच मीटिंग करायची, कारण कोणीतरी तीन आठवडे लांबून पाहत असतं की हे लोक खरंच बसतात का, आणि चौथ्या आठवड्याला तो आला तेव्हा दाराला कुलूप दिसलं तर तो पुन्हा येणार नाही. एक जण आजारी असेल तर दुसऱ्यानं शेजारच्या ग्रुपमधून कोणाला तरी बोलवायचं, त्यासाठी त्यांचे दोन तीन नंबर आधीच घेऊन ठेवा.